भिंत जमिनीची, अक्षर कागदाचं

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा उघडा आणि त्यावरच्या एखाद्या गावाच्या नावाकडे बघा. समजा, त्या नावाचं अक्षर कागदावर २ मिलिमीटर उंच आहे. नकाशावरची प्रत्येक गोष्ट जमिनीवरच्या गोष्टीची पन्नास हजार पटींनी लहान केलेली प्रत असते असं धरलं, तर ते अक्षर जमिनीवर १०० मीटर उंच भरेल. गावातल्या देवळाचा कळस त्याच्या वेलांटीलाही पोचणार नाही. अर्थात, असं अक्षर जमिनीवर कुठेच नसतं. नदी, रस्ता, डोंगर हे जमिनीवरून कागदावर येतात. नाव मात्र थेट कागदावरच जन्मतं.

कॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढणं, शिकणाऱ्या मुलामुलींना मी हे उदाहरण पहिल्या दिवशी देतो. ऑटोकॅडमध्ये अक्षरं, मापं, खुणा यांचं प्रमाण कसं सांभाळायचं हा विषय बहुतेकांना किचकट वाटतो. त्याचं कारण एकच असतं: जमिनीची वस्तू आणि कागदाची वस्तू यांतला फरक कोणी नीट दाखवून दिलेला नसतो. तो फरक एकदा मनात बसला की पुढच्या सगळ्या आज्ञा आणि बटणं आपापल्या जागी जाऊन बसतात.

हाताने ड्रॉइंग काढायच्या काळात हा प्रश्नच नव्हता. बोर्डवर ट्रेसिंग पेपर चिकटवायचा, मिनी ड्राफ्टर लावायचा, आणि पेन्सिल टेकवण्याआधी विचारायचं, ‘कोणत्या स्केलला?’ उत्तर १:१०० असलं की त्रिकोणी मोजपट्टीची ती कड वर फिरवायची. १२ मीटरची भिंत आपोआप १२० मिलिमीटरची निघायची. अक्षरांसाठी ती पट्टी कोणी हातात घेत नसे. त्यासाठी स्टेन्सिल असे, आणि स्टेन्सिलवरचं २.५ किंवा ३.५ मिलिमीटरचं अक्षर कागदावर तेवढंच उमटे. भिंतीचं हत्यार वेगळं, अक्षराचं हत्यार वेगळं. फरक हातालाच माहीत असल्यामुळे डोक्याला त्याचा विचार करावा लागत नसे.

१९८२ मध्ये ऑटोकॅड आलं आणि क्रम उलटा झाला. आता भिंत आधी काढायची, तीही पूर्ण मापाची: १२ मीटर म्हणजे १२,००० एकक. कागद कोणता, प्रमाण कोणतं, हे सगळं शेवटी ठरवायचं. भिंतीपुरती ही फार मोठी सोय झाली, कारण मनात भागाकार करण्याची गरज संपली. अडचण झाली ती अक्षरांची. १२,००० लांबीच्या भिंतीशेजारी २.५ उंचीचं अक्षर लिहिलं, तर पडद्यावर ते धुळीच्या कणाएवढंही दिसत नाही. म्हणून अक्षर मोठं करायचं. किती? कागदावर हवी असलेली उंची गुणिले प्रमाणाचा आकडा. १:१०० ला २.५ गुणिले १०० म्हणजे २५०. १:५० ला १२५. शौचालयाचा तपशील १:२० ला दाखवायचा असेल तर ५०. म्हणजे ‘स्वयंपाकघर’ हा शब्द कॅडच्या जगात पाव मीटर उंचीच्या अक्षरांनी लिहिलेला असतो, फरशीवर रंगवल्यासारखा. छापताना सगळंच शंभर पटींनी लहान होतं आणि अक्षर पुन्हा २.५ मिलिमीटरवर येतं.

हा एक गुणाकार पाठ असला तरी पन्नास टक्के काम होतं. पण त्यात दोन खड्डे आहेत. पहिला एककांचा. ऑटोकॅडला ‘एक एकक’ एवढंच कळतं; ते मिलिमीटर की मीटर, हे आपण ठरवतो. मोजणीची किंवा रस्त्याची ड्रॉइंग बहुधा मीटरमध्ये असतात, घराची मिलिमीटरमध्ये. मीटरमधल्या ड्रॉइंगमध्ये १:१०० ला अक्षराची उंची २५० नव्हे, ०.२५ हवी. तिथे स्केलच्या यादीतलं तयार १:१०० हे प्रमाण वापरलं तर काम फसतं, कारण सॉफ्टवेअर त्याचा अर्थ ‘कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे ड्रॉइंगमधली १०० एककं’ असा घेतं, आणि ती एककं तर मीटर आहेत. अशा ड्रॉइंगसाठी यादीत स्वतःचं प्रमाण घालावं लागतं: कागदाची १० एककं बरोबर ड्रॉइंगचं १ एकक. त्याला ‘१:१०० मीटर’ असं नाव द्यावं, म्हणजे दुसऱ्याचा घोटाळा होत नाही.

दुसरा खड्डा फूट-इंचांचा. अजूनही आपल्याकडे पुष्कळ कार्यालयांत ड्रॉइंग फूट-इंचांत निघतात. तिथे ‘एक अष्टमांश इंच बरोबर एक फूट’ हे प्रमाण म्हणजे १:९६. ते १:१०० च्या इतकं जवळ आहे की साइटवर कुणीतरी १:१०० ची पट्टी लावतोच, आणि ३ मीटरची खोली ३.१२५ मीटर भरते. पाच इंचांची ही चूक डोळ्यांना दिसत नाही, पण कपाटाच्या मापात लगेच कळते.

आता मूळ अडचणीकडे येऊ. एकच घर वेगवेगळ्या प्रमाणांत दाखवावं लागतं. परवानगीसाठी १:१००, बांधकामासाठी १:५०, प्लॉटवरची जागा दाखवायला १:२००. भिंत सगळीकडे एकच, पण अक्षराची उंची प्रत्येक वेळी निराळी. मग करायचं काय? मी उमेदवारी केली त्या कार्यालयात सरळ मार्ग होता: प्लॅनच्या तीन प्रती करायच्या आणि तिन्हीत वेगळ्या उंचीची अक्षरं टाकायची. एकदा मालकाच्या सांगण्यावरून हॉलची खिडकी १,२०० वरून १,५०० केली. बदल मी १:१०० च्या प्रतीत केला आणि १:५० ची प्रत तशीच राहिली. सुताराने ती दुसरी प्रत बघून चौकट केली. चौकट सुंदर झाली होती, सागवानी होती, आणि ३०० मिलिमीटर कमी होती. तेव्हापासून एका भिंतीच्या दोन प्रती दिसल्या की मला अस्वस्थ वाटतं.

भिंतीची प्रत एकच ठेवण्याची सोय १९९० च्या रिलीज ११ मध्ये आली. मॉडेल स्पेसच्या जोडीला पेपर स्पेस मिळाली. तिलाच आज आपण लेआउट म्हणतो. मॉडेल ही जमीन, लेआउट हा कागद. लेआउटवर खिडक्या पाडायच्या, ज्यांना व्ह्यूपोर्ट म्हणतात, आणि प्रत्येक खिडकीतून तीच जमीन वेगळ्या प्रमाणात बघायची. एकाच ए१ कागदावर एका खिडकीतून पूर्ण प्लॅन १:१०० ला, दुसरीतून जिना १:५० ला, तिसरीतून शौचालय १:२० ला. भिंत सरकवली की तिन्ही खिडक्यांत सरकते. लेआउट स्वतः मात्र नेहमी १:१ लाच छापायचं, कारण कागद आधीच खऱ्या मापाचा आहे: ए१ म्हणजे ८४१ गुणिले ५९४ मिलिमीटर.

इथे अक्षरांचा प्रश्न अर्धाच सुटतो. शीर्षक, टीपा, नावाचा रकाना हे लेआउटवर थेट २.५ किंवा ५ मिलिमीटर उंचीने लिहिता येतं. ते कागदाचं आहे आणि कागदावरच आहे. पण खोलीचं नाव आणि भिंतीचं माप भिंतीजवळच असायला हवं. भिंत हलली तर तेही हललं पाहिजे. ते मॉडेलमध्ये लिहिलं की १:१०० च्या खिडकीसाठी २५० उंचीचं केलेलं अक्षर १:२० च्या खिडकीत १२.५ मिलिमीटरचं होऊन अख्खं शौचालय झाकतं.

ऑटोकॅड २००८ या आवृत्तीत यावर उपाय आला, त्याचं नाव अ‍ॅनोटेटिव्ह. कल्पना साधी आहे. अक्षराला मॉडेलमधली उंची द्यायचीच नाही; कागदावरची उंची सांगायची आणि कोणत्या कोणत्या प्रमाणांत ते दिसायला हवं तेवढं सांगायचं. गुणाकार सॉफ्टवेअर करील. जुन्या स्टेन्सिलचं काम आता अक्षराच्या अंगातच आलं. अशा वस्तूवर कर्सर नेला की शेजारी एक लहान खूण उमटते. त्रिकोणी मोजपट्टी टोकाकडून बघितल्यावर दिसते तशी. ही खूण ओळखायला शिका, ती वारंवार लागते.

करायचं ते असं. अक्षराची स्टाइल उघडून तिथल्या अ‍ॅनोटेटिव्ह या चौकोनात खूण करायची आणि कागदावरची उंची २.५ भरायची. मापांच्या स्टाइललाही तसंच. मग पडद्याच्या खालच्या पट्टीवर चालू अ‍ॅनोटेशन स्केल १:१०० करायचं आणि मगच लिहायला घ्यायचं. हा क्रम महत्त्वाचा, कारण अक्षर जन्माला येताना चालू असलेलं प्रमाण त्याला चिकटतं. लिहून झालं की ज्या अक्षरांची १:५० च्या खिडकीतही गरज आहे तेवढीच निवडायची, ऑब्जेक्टस्केल ही आज्ञा द्यायची आणि १:५० त्यांच्या यादीत घालायचं. आता तेच अक्षर १:१०० च्या खिडकीत २५० उंचीचं आहे आणि १:५० च्या खिडकीत १२५ चं. कागदावर दोन्हीकडे २.५.

नव्या माणसाची पहिली घाबरगुंडी इथे उडते: ‘माझी अक्षरं गेली!’ ती गेलेली नसतात. ज्या अक्षराच्या यादीत १:२० नाही, ते १:२० च्या खिडकीत दिसतच नाही. हा दोष नव्हे, ही तर देणगी आहे. १:२० च्या तपशिलात ‘हॉल’ किंवा घराची एकूण लांबी दिसण्याचं कारण नाही, आणि १:१०० च्या प्लॅनमध्ये नळाच्या उंचीची गर्दी नको. कोणती माहिती कोणत्या प्रमाणात वाचली जाणार याचा विचार करून ड्रॉइंग काढणं म्हणजेच चांगली ड्राफ्टिंग, आणि अ‍ॅनोटेटिव्ह त्या विचाराला हत्यार देतं. सगळं एकदम तपासायचं असेल तर खालच्या पट्टीवर सर्व अक्षरं दाखवणारं बटण आहेच.

त्याच्याच शेजारी आणखी एक बटण असतं: प्रमाण बदललं की ते प्रमाण सगळ्या अक्षरांना आपोआप जोडणारं. ते बंद ठेवा. चालू राहिलं आणि तुम्ही नुसतं बघण्यासाठी यादीतली चार प्रमाणं फिरवलीत, की प्रत्येक अक्षराला ती चारही चिकटतात. मग कोणत्याच खिडकीत काही लपत नाही आणि वर सांगितलेली देणगी हातची जाते.

एका अक्षराची प्रत्येक प्रमाणासाठी वेगळी जागाही असू शकते. १:१०० मध्ये ‘देवघर’ हा शब्द खोलीत मावत नाही म्हणून तुम्ही तो बाजूला सरकवता. १:५० मध्ये तो खोलीतच राहतो. अक्षर निवडलं की चालू प्रमाणाचं रूप ठळक दिसतं आणि बाकीची रूपं फिकट. सरकवल्यावर सरकतं ते फक्त चालू रूप.

जुनी ड्रॉइंग या पद्धतीत आणताना एका गोष्टीने पुष्कळांचा दिवस खाल्ला आहे. २५० उंचीचं जुनं अक्षर निवडून त्याच्या गुणधर्मांत अ‍ॅनोटेटिव्ह ‘हो’ केलं, की सॉफ्टवेअर २५० ला चालू प्रमाणाने भागून कागदावरची उंची ठरवतं. चालू प्रमाण १:१०० असेल तर २.५ येते आणि सगळं ठीक होतं. पण ते १:१ राहिलं असेल, तर कागदावरची उंची २५० मिलिमीटर धरली जाते. मग त्याला १:१०० हे प्रमाण जोडलं की मॉडेलमध्ये अक्षर २५ मीटर उंच होतं, म्हणजे घराच्या दुप्पट. आधी प्रमाण, मग ‘हो’.

मापांबद्दल एक वेगळा इशारा. मापाचा आकडा आणि त्या आकड्याच्या अक्षराची उंची या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. काही जण तपशील मोठा दाखवायला ड्रॉइंगचा तो भागच पाच पटींनी मोठा करतात. मग २३० ची भिंत १,१५० दाखवायला लागते, म्हणून लांबीचा गुणक ०.२ करून आकडा परत २३० वर आणतात. हे करू नका. उद्या कोणी ती भिंत मोजली तर तिला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. खिडकीचं प्रमाण बदला, वस्तू खऱ्या मापाची राहू द्या.

काय अ‍ॅनोटेटिव्ह करायचं आणि काय नाही, याचा निवाडा पुन्हा त्या एकाच कसोटीवर होतो. उत्तर दिशेचा बाण, छेदरेषेची खूण, लेव्हलची खूण या कागदाच्या वस्तू. त्यांचे ब्लॉक अ‍ॅनोटेटिव्ह हवेत. दार, कमोड, गॅसची शेगडी या जमिनीच्या. त्यांचे ब्लॉक तसे असता कामा नयेत, नाहीतर प्रमाण बदलताच दार भिंतीबाहेर जाईल. हॅचमध्ये तर दोन्ही प्रकार आहेत. काँक्रीट किंवा माती दाखवणारी ठिपक्यांची हॅच ही नुसती खूण आहे, ती कागदाची. पण ६०० गुणिले ६०० ची फरशी दाखवणारी चौकड्यांची हॅच जमिनीची आहे. गवंडी ते चौकोन मोजून फरशा मागवतो. ती चुकून अ‍ॅनोटेटिव्ह झाली तर फरशांची संख्याच बदलते.

तुटक रेषाही याच कुळातल्या. मेट्रिक ड्रॉइंगमधल्या नेहमीच्या डॅश्ड रेषेचा एक तुकडा १२.७ मिलिमीटरचा असतो. तो मॉडेलच्या मापाने धरला तर १:१०० ला कागदावर ०.१३ मिलिमीटरही भरत नाही, आणि तुटक रेषा अखंड छापली जाते. वरून जाणारा बीम मग जमिनीवरच्या पायरीसारखा दिसतो. म्हणून एलटीस्केल, पीएसएलटीस्केल आणि एमएसएलटीस्केल ही तिन्ही सेटिंग १ वर ठेवायची. मग तुकडे लेआउटच्या खिडकीत कागदाच्या मापाने पडतात आणि मॉडेलमध्ये चालू अ‍ॅनोटेशन स्केलप्रमाणे. बदल केल्यावर रीजनऑल ही आज्ञा द्यायला विसरू नका, नाहीतर पडद्यावर जुनंच चित्र राहतं.

मराठीत टीपा लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी इंग्रजी पुस्तकांत मिळणार नाही. ऑटोकॅडमध्ये अक्षराची उंची मोजली जाते ती रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षराची. देवनागरीत त्याच उंचीत मात्रा, वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरं बसवायची असतात. २.५ मिलिमीटरला रोमन अक्षरं स्वच्छ वाचता येतात, पण ‘काँक्रीट’मधला अनुस्वार बुजतो. मी मराठी टीपांना ३.५ मिलिमीटरच्या खाली जात नाही आणि ओळींमधलं अंतरही थोडं वाढवतो. शिवाय ऑटोकॅडच्या स्वतःच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी नसते; मंगल किंवा निर्मलासारखा युनिकोड फॉन्ट घ्यावा लागतो. हे मिस्त्र्यांसाठी करायलाच हवं. ज्यांच्या हातून भिंत उभी राहते, त्यांना ती टीप वाचता आली नाही तर ती लिहिली कशासाठी?

त्यातच भर म्हणजे साइटवर ए१ कागद फारसा पोचत नाही. त्याची ए३ वर अर्धी केलेली प्रत पोचते. ए१ चा ए३ झाला की लांबी-रुंदी बरोबर निम्मी होते. १:१०० चं १:२०० होतं आणि २.५ चं अक्षर १.२५ वर येतं, जे उन्हात कोणालाही वाचता येत नाही. प्रत ए३ वर जाणार हे माहीत असेल तर मापांची अक्षरं सुरुवातीलाच ५ मिलिमीटरची ठेवावीत. प्रमाण लिहिताना नुसतं ‘१:१००’ न लिहिता ‘ए१ कागदावर १:१००’ असं लिहावं, आणि शेजारी रेखाटलेली प्रमाणपट्टी द्यावी. कागद कितीही आक्रसला तरी ती पट्टी त्याच्याबरोबर आक्रसते आणि खरीच राहते. अक्षरांच्या प्रमाणित उंचीची २.५, ३.५, ५, ७, १० ही मालिकाही उगाच आलेली नाही. दर पायरीला उंची सुमारे १.४ पट होते, आणि ए मालिकेतला कागदही एक पायरी मोठा झाला की त्याची बाजू तेवढ्याच पटीने वाढते. त्यामुळे ए१ वरचं ५ चं अक्षर ए२ वर जवळजवळ नेमकं ३.५ चं होतं.

खिडकीचं प्रमाण एकदा लावलं की तिला कुलूप घालायचं. आत शिरून माऊसचं चाक फिरवलं की प्रमाण १:१०० वरून १:९३.७ सारखं काहीतरी होतं, अ‍ॅनोटेशन स्केल मात्र १:१०० च राहतं. दोन्ही जुळत नाहीत हे खालच्या पट्टीवरचं चिन्ह सांगतं, पण घाईत तिकडे लक्ष जात नाही. कुलूप लावलेल्या खिडकीत चाक फिरवलं तर अख्खा कागद जवळ येतो आणि प्रमाण जागचं हलत नाही.

प्रिंट हातात आली की साधी पट्टी घेऊन तीन मापं घ्यायची: १:१०० च्या खिडकीतली १२ मीटरची भिंत, तिच्याशेजारचं एक अक्षर आणि कागदाची बाहेरची चौकट. भिंत १२० मिलिमीटर भरली, चौकट बरोबर आहे, पण अक्षर निम्मं आहे, तर खिडकीचं अ‍ॅनोटेशन स्केल १:५० राहिलं आहे. भिंत आणि अक्षर दोन्ही एकाच पटीने चुकली आहेत पण चौकट बरोबर आहे, तर कोणीतरी कुलूप नसलेल्या खिडकीत चाक फिरवलं आहे. आणि तिन्ही एकाच पटीने लहान भरली, तर ड्रॉइंगला हात लावू नका. छापताना १:१ ऐवजी ‘कागदात बसवा’ हा पर्याय राहून गेला आहे. तेवढा बदलून पुन्हा प्रिंट काढा.